शावेईचा वारा

समितीच्या बैठकीत खासदार मंत्र्यांच्या नाकासमोर धरतात ना, ते मोठमोठे बोर्ड, त्यातले निम्मे तरी पाओ-चिनच्या हातचे असतात. तैपेईत संसदेच्या मागच्या गल्लीत, सोयादूधवाल्याच्या शेजारी, तिचं दीड गाळ्याचं दुकान आहे. पुढे कापायचं टेबल, मागे छपाईचं यंत्र आणि त्याच्याही मागे तिचा नवरा त्येन-शुई. तो यंत्राचं तेलपाणी बघतो, चहा करतो आणि सल्ले देतो. सल्ल्यांना गिऱ्हाईक नाही.

बोर्ड कसा असावा याचे पाओ-चिनचे नियम पक्के. एका ओळीत सात अक्षरं. आठवं आलं की ओळ मोडायची. कागद चमकणारा नको, टीव्हीच्या दिव्यांत अक्षरं पांढरी पडतात. मागच्या बाजूला कापडी पट्टीची मूठ हवीच, कारण खासदार तावातावाने बोलायला लागला की हाताला घाम येतो आणि बोर्ड घसरतो. आणि तयार झालेला बोर्ड पालथा घालून वर वर्तमानपत्र पसरायचं, हा तर सगळ्यांच्या वरचा नियम. या दुकानात सत्तेतले येतात, विरोधातले येतात, आणि ज्यांना प्रश्न विचारायचे त्या खात्यांचे लोकही आपापल्या उत्तरांचे बोर्ड करून घ्यायला इथेच येतात. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर गेली, असं एकतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.

"हात आपला, तोंड त्यांचं," असं त्येन-शुई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. हे वाक्य आपण रचलं असं तो सांगतो. मुळात ते पाओ-चिनचं.

ती शावेईची. पश्चिम किनाऱ्यावरचं कालवांचं गाव. आई सकाळपासून अंगणात कालवं फोडायला बसायची, आणि पाओ-चिन शाळेतून आली की दप्तर ठेवून तिच्याशेजारी. सहावीनंतर मास्तर घरी आले, म्हणाले मुलगी हुशार आहे, पुढे शिकवा. वडील म्हणाले, "कालवं फोडायला सहावी पुरते." ती पंधराव्या वर्षी आत्याबरोबर तैपेईला आली आणि सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या कारखान्यात ब्रश धुवायला लागली. वर्षभराने मालकाच्या लक्षात आलं की या मुलीला पट्टी न लावता सरळ ओळ मारता येते. "हिच्या डोळ्यात ओळंबा आहे," असं म्हणून त्याने तिच्या हातात अक्षरांचा ब्रश दिला. तिथेच त्येन-शुई नायिकांचे चेहरे रंगवायचा. वर चेहरे त्याचे, खाली अक्षरं हिची. लग्नही साधारण तसंच झालं. पुढे हाताने रंगवायचे फलक बंद पडले, कारखाना उठला, आणि दोघांनी हा गाळा घेतला.

सहावीनंतरचं तिचं शिक्षण या गाळ्यात झालं. नदीच्या पाण्यात तांबं कुठून येतं, वीजघराची ताकद कशात मोजतात, पटसंख्या घटली की शिक्षक कसे कमी होतात, हे सगळं तिला बोर्ड कापता कापता कळलं. तिची एक खोड होती. मजकूर हातात घेतला की ती तो मोठ्याने वाचायची आणि आणणाऱ्याला विचारायची, "याचा अर्थ काय?" समजलं नाही तर बोर्ड परत. "मला कळलं नाही तर मंत्र्यांना न कळल्याचं सोंग घ्यायला किती सोपं जाईल!" मजकुरात मात्र तिने स्वतःचं अक्षर कधी घातलं नाही. समजून घ्यायचं, पण शिकवायचं नाही.

खासदार वेंग सू-लान पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा स्वतःच मजकूर घेऊन आल्या होत्या. त्या आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या. पाओ-चिनने कागद पाहिला, अक्षरं मोजली. चौऱ्याण्णव.

"बाई, हे काय आहे?"

"प्रश्न आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या धुराबद्दल."

"प्रश्न कसला, लग्नपत्रिका आहे ही. सगळ्या पाहुण्यांची नावं घातलीत."

वेंगबाई आधी लाल झाल्या, मग हसत सुटल्या. टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी चौऱ्याण्णवाची चौदा केली. त्या वर्षी शाळांच्या स्वयंपाकघरांत धूर ओढून घेणारी यंत्रं बसवायला सरकारने होकार दिला, आणि तेव्हापासून चार निवडणुका झाल्या, तरी वेंगबाईंचा एकही बोर्ड दुसऱ्या दुकानात गेला नाही. नदी, वीज, शाळा. शाळा, वीज, नदी. त्यांच्या मतदारसंघातले लोक कुरकुरायचे, की बाकीचे खासदार प्रत्येक लग्नाला येतात, मयताला फुलं पाठवतात, वेंगबाई मात्र आमचे आजोबा गेले तेव्हा समितीत बसल्या होत्या. हे कानावर आलं की पाओ-चिन कापायची सुरी खाली ठेवायची आणि म्हणायची, "शाळेच्या छपरावर ऊन पकडायच्या तावदानांचा कायदा झाला ना, त्या विजेचं बिल शाळेला येत नाही ना, मग ते आजोबा वरून आशीर्वाद देत असतील." कायद्याचा तो बोर्ड तिनेच कापला होता, हे ती सांगायची नाही. त्येन-शुई सांगायचा.

तर मार्चमधला मंगळवार होता. सकाळी साडेनऊला एका खात्यातले तिंगसाहेब आले. साठीला टेकलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांच्या मंत्र्यांना उत्तर द्यायचं होतं. पाओ-चिनने मजकूर मोठ्याने वाचला. पेइलुन शाळा. डिसेंबर, एकतीस दिवस. हवा चांगली. खाली हिरवं पान.

वाचता वाचता ती थांबली.

"काही कळलं नाही का, मावशी?" तिंगसाहेबांनी विचारलं.

"कळलं. सगळं कळलं," ती म्हणाली आणि पट्टी लावायला वळली. तिला पट्टी लागत नाही हे तिंगसाहेबांना कुठे माहीत!

पेइलुन तिच्या शावेईपासून पाच किलोमीटर उत्तरेला. मधोमध कोळशाचं वीजघर. त्याचा परवाना पुढच्या पाच वर्षांसाठी याच महिन्यात नवा व्हायचा होता. दोन्ही शाळांतून तक्रारी गेल्या होत्या की हिवाळ्यात पोरं खोकतात. शावेईच्या शाळेत त्रेचाळीस मुलं, त्यात तिच्या भावाच्या दोन नाती. मग मोजायला पेइलुन का? आणि तेही डिसेंबरात? पाओ-चिनने हिरवं पान कापलं, मूठ लावली, बोर्ड पालथा घातला आणि त्यावर कालचं वर्तमानपत्र पसरलं. ते पसरताना तिला वाटलं, एखाद्याच्या तोंडावर पांघरूण घालतोय आपण.

साडेबाराला यी-चेन आली. ही वेंगबाईंची सहायक. तैपेईतच वाढलेली, दोन पदव्या घेतलेली, तीस वर्षांची, आणि नेहमी दोन दिवसांची झोप राहिलेली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मजकूर आणि खात्याचा अहवाल.

"चिन मावशी, सहापर्यंत द्या हं. उद्याचा हा शेवटचा डाव आहे. परवान्याआधी पुन्हा समिती नाही."

कागदावर नकाशा होता. मध्ये धुराडं. धुराड्यातून निघून वर, उत्तरेला, थेट पेइलुन शाळेवर जाणारा जाड लाल बाण. खाली ओळ: एकतीस दिवस पुरे नाहीत, पेइलुनला पुन्हा मोजा.

पाओ-चिनने वाचलं. मोठ्याने नाही, मनात. मग तिने त्येन-शुईकडे पाहिलं. कारखान्यापासून बरोबर राहिलेला नवरा. त्याला अर्धं कळलं, अर्धं त्याने ताडलं.

"हात आपला..." तो हळूच म्हणाला.

"चहा टाका," ती म्हणाली.

चहा होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली. सकाळच्या बोर्डावरचं एक अक्षरसुद्धा हिला सांगायचं नाही, हे ठरलेलंच होतं. ते तिंगसाहेबांचं. पण डोक्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते कोणाच्या बोर्डावरचं नव्हतं. ते तिचं होतं. आईच्या अंगणातलं.

"यी-चेन, हे कुठल्या महिन्यात मोजलं म्हणे?" तिने विचारलं. उत्तर माहीत असूनही तिला ते या पोरीच्याच तोंडून यायला हवं होतं.

यी-चेनने खाता खाता एका हाताने अहवाल चाळला. "डिसेंबर. का?"

"मग हा बाण चुकलाय."

"मावशी, बाण अहवालातलाच आहे. खात्याने नकाशा दिला, मी तसाच उतरवला. वर्षाच्या सरासरीचा वारा आहे तो."

"सरासरीचा वारा अंगाला लागतो का ग? तू कधी हिवाळ्यात आमच्याकडे छत्री उघडली आहेस?"

"नाही."

"उघडूही नको. उलटी होऊन सरळ दक्षिणेला जाते."

यी-चेनने चॉपस्टिक खाली ठेवल्या. चेहऱ्यावर वैताग स्पष्ट दिसत होता. "मावशी, तुमचा मान ठेवून सांगते. हा अहवाल तिघा तज्ज्ञांनी सह्या केलेला आहे. मी समितीत जाऊन काय सांगू? आमची बोर्ड कापणारी मावशी म्हणते बाण उलटा आहे?"

पाओ-चिनला ते लागलं. तिने फोन घेतला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. पलीकडे तिची भावजय, चुन-मेई. मागून कालवं फुटल्याचा कटकट आवाज.

"चुन-मेई, आपल्याकडे डिसेंबरात वारा कुठून येतो?"

"काय?"

"वारा, वारा."

"अगबाई वन्सं, तैपेईत राहून वारासुद्धा विसरलात? की भावोजींनी काही पाजलंय?"

"सांग की नीट."

"उत्तरेकडून. आणखी कुठून येणार? तुमच्या भावाने दार उत्तरेला काढतो म्हटलं तर सासूबाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या. म्हणाल्या, हिवाळाभर घरात वाळू खायची का?"

"आणि तू आत्ता कालवं फोडायला कशी बसली आहेस?"

"बुडावर."

त्येन-शुई चहा गाळता गाळता खुसखुसला.

"तोंड कुठे आहे तुझं?"

"दक्षिणेला. पाठ वाऱ्याला. सगळं गाव तसंच बसतं, तुम्हाला काय सांगायचं? वीजघर झाल्यापासून तर बघा, जॅकेट पुढून पिवळं आणि पाठीकडून काळं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दोनदा धुतलं तरी जात नाही. उन्हाळ्यात वारा फिरतो, मग पेइलुनवाल्या बायका बोंबलतात, आम्ही गप्प. का हो, काय झालं?"

"काही नाही. संध्याकाळी करते फोन."

यी-चेनने आपला फोन काढला. हवामान खात्याच्या त्या किनाऱ्यावरच्या नोंदी उघडल्या, डिसेंबरवर बोट ठेवलं. पाओ-चिन तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. वैताग गेला, मग रंग गेला.

"एकतीस दिवसांतले एकोणतीस," यी-चेन पुटपुटली. "एकोणतीस दिवस उत्तरेचा वारा. धूर पेइलुनला गेलाच नाही. सगळा शावेईवर. यांनी हवा मोजायचं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवलं, आणि मी... मी उद्या आणखी तिथेच मोजा म्हणून मागणार होते."

"आणि त्यांनी लगेच हो म्हटलं असतं," पाओ-चिन म्हणाली. "खा आधी. गार झालं."

यी-चेनने फोन केला आणि अर्ध्या तासात वेंगबाई स्वतः आल्या. पायी, भराभर, हातात चष्मा. नोंदी पाहिल्या, नकाशा पाहिला. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "चिन, त्यांचाही बोर्ड तुझ्याकडेच झाला असणार. त्यात काय..."

"ते विचारू नका, बाई."

"खरंय. चुकलं माझं."

"मी फक्त माझ्या गावचा वारा सांगितला. तो कोणी माझ्याकडे कापायला दिलेला नव्हता."

वेंगबाईंनी चष्मा लावला. तिच्याकडे थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या, शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेलं दाखवणाऱ्या मुलीकडे बाई बघतात तशा. "उद्या तुझं नाव घेऊ का? हे माझं नाही, तुझं आहे."

"नाव घेतलंत तर पुढचे बोर्ड सोयादूधवाल्याकडून कापून घ्या. इथे सगळ्या पक्षांचं सामान पडलंय."

"बरं. मग मजकूर काय करायचा?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत तिला कोणी विचारला नव्हता. पाओ-चिनने हात एप्रनला पुसले. पेन्सिल घेतली. एक धुराडं काढलं, वर एक शाळा, खाली एक शाळा. वरच्या शाळेवर यंत्र. आणि बाण उलटा, खाली, शावेईवर. त्याखाली दोनच ओळी: धूर दक्षिणेला, यंत्र उत्तरेला.

यी-चेनने अक्षरं मोजली. बसत होती.

बुधवारी सकाळी दुकानातला टीव्ही लावलेला होता. समोरच्या खुर्चीत दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयातला एक गृहस्थ आपल्या बोर्डाची वाट बघत बसलेला, त्यामुळे पाओ-चिनला टीव्हीकडे सारखं बघताही येईना. सुरी चालत होती, कान तिकडे होते.

"मंत्रिमहोदय, आपण कुठल्या महिन्यात मोजणी केली?" वेंगबाईंचा आवाज.

"डिसेंबरमध्ये. पूर्ण एकतीस दिवस. आणि निकाल..." मंत्र्यांनी हिरव्या पानाचा बोर्ड वर केला. अक्षरं टीव्हीवर लख्ख दिसत होती. पाओ-चिनच्या मनात आधी तेच आलं, की चमक नाही, छान दिसतंय.

"डिसेंबरमध्ये त्या किनाऱ्यावर वारा कुठून वाहतो?"

मंत्र्यांनी मागे बघितलं. मागे बसलेल्यांनी कागद उलटले. तिंगसाहेब दुसऱ्या रांगेत होते; त्यांनी काही उलटलं नाही, नुसते बसले. वेंगबाईंनी थांबून घेतलं. शिक्षिकेला वर्गात थांबता येतं. मग त्यांनी आपला बोर्ड वर केला.

"उत्तरेकडून, मंत्रिमहोदय. एकतीसपैकी एकोणतीस दिवस. धूर शावेईच्या त्रेचाळीस मुलांवर गेला आणि आपलं यंत्र पेइलुनला स्वच्छ समुद्राची हवा मोजत बसलं. हे मला कुठल्या अहवालात सापडलं नाही. शावेईत जन्मलेल्या एका बाईने सांगितलं. तिची आई चाळीस वर्षं वाऱ्याला पाठ करून कालवं फोडत होती. इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं राहू द्यावं, अशी अध्यक्षांना विनंती."

"राहील," अध्यक्ष म्हणाले.

पुढे बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी मंत्र्यांनी कबूल केलं: येत्या हिवाळ्यात शावेईला मोजणी, तोवर परवान्याचा निर्णय नाही, मुलांची तपासणी उन्हाळ्याच्या सुटीआधी, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी कोळसा कमी जाळण्याबद्दल महिन्याभरात लेखी उत्तर.

खुर्चीतला गृहस्थ मान हलवत म्हणाला, "दोन्ही बोर्ड मस्त दिसत होते. तुमच्याच हातचे ना, मावशी?"

"अक्षरं सरळ होती ना?" पाओ-चिन म्हणाली. मागे त्येन-शुई यंत्राच्या आड उभा राहून डोळे पुसत होता आणि तेलाचं बोट डोळ्यात गेल्याचं सांगत होता.

दुपारी चुन-मेईचे अकरा फोन आले. बाराव्याला पाओ-चिनने उचलला. "वन्सं, मुख्याध्यापकांनी शाळेत टीव्ही लावला होता! सगळं गाव विचारतंय ती बाई कोण. मी म्हटलं, मला काय माहीत. आता मी एवढं खोटं बोलले, तर आमच्याकडे राहायला कधी येताय ते सांगा."

तिंगसाहेब चारच्या सुमाराला आले. काखेत हिरव्या पानाचा बोर्ड. तो त्यांनी टेबलाला टेकवून ठेवला आणि सरळच विचारलं, "मावशी, तुम्ही सांगितलंत?"

पाओ-चिनने सुरी मिटली. "तुमच्या बोर्डातलं एक अक्षर मी कोणाला सांगितलं नाही. वारा सांगितला. तो माझ्या गावचा आहे."

"मला वाटलंच. काल वाचताना तुम्ही थांबलात, ते मी पाहिलं होतं." "मग मला का नाही सांगितलंत? मी काय तुमचा शत्रू आहे? मी मागे बसून ती दोन मिनिटं कशी काढली, मला माहीत."

पाओ-चिनने मिटलेली सुरी बाजूला सारली.

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "सकाळी तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं. तुमचं म्हणणं वाचून मी मनातच ठेवलं, ते बरोबर नाही केलं. खात्यातल्या माणसाला गावचं कोण विचारतं, असं वाटलं मला."

"विचारलं असतं की नाही, कोण जाणे," तिंगसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी वरची गुंडी सोडली. त्येन-शुईने न सांगता चहाचा पेला पुढे केला आणि तो त्यांनी घेतला. "नोव्हेंबरात यंत्र घेऊन मलाच जावं लागणार. शाळेच्या गच्चीवर ठेवायचं की मैदानात, कुठल्या कोपऱ्यात, हे आता नकाशावर ठरवायची माझी हिंमत नाही. गावात कोणी दाखवायला मिळेल?"

पाओ-चिनने कागदाचा तुकडा घेतला आणि पट्टी न लावता सरळ ओळीत चुन-मेईचा नंबर लिहिला.

"माझी भावजय आहे. सकाळी सातनंतर फोन करा, ती अंगणात असते. पण साहेब, आधी ती भांडेल. दहा मिनिटं तरी. तेवढं ऐकून घ्या, मग सगळं दाखवेल."